प्रोसिजरमध्ये ऑप्शनल पॅरामीटर: आठ महिने वापरून झाल्यावर

आमचं ऑफिस सातपूरला आणि सॉफ्टवेअर चालतं पिंपळगाव, लासलगावच्या कांदा आडतदारांकडे. खाली एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस, वरती जुनी व्हीबी सिक्सची एक्झे (प्रोग्राम), एक एक्सेल मॅक्रो आणि नवीन वेब, आणि हे तिघंही हिशोबपट्टीसाठी (शेतकऱ्याला मिळणारी मालाच्या हिशोबाची पावती) एकच प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसमध्ये साठवलेला कोड, कॉल करतात. पट्टीवर तोलाई (वजन करण्याची मजुरी) वेगळी दाखवा अशी मागणी आली तेव्हा दुसरी प्रोसिजर काढायच्या ऐवजी आहे तिलाच डिफॉल्टवाला पॅरामीटर जोडला, म्हणजे पाठवला नाही तर ठरलेली व्हॅल्यू घेणारा. आज विचाराल तर परत हेच करेन, पण पहिल्या महिन्यात जे झालं ते सांगायलाच हवं.

आधी क्रम होता कोड, वजन, भाव, हमाली. छापील पट्टीवर तोलाई हमालीच्या आधी येते म्हणून मी ती मध्येच घातली, आणि हातासरशी दोघांनाही डिफॉल्ट शून्य देऊन टाकलं. जुनी एक्झे एडीओमधून (डेटाबेसशी बोलणारी मायक्रोसॉफ्टची लायब्ररी) नावाने नाही, क्रमाने व्हॅल्यू पाठवते, नेमड पॅरामीटर्स ही प्रॉपर्टी मुद्दाम चालू केली नाही तर तसंच होतं. मग काय, चौथी व्हॅल्यू म्हणजे हमाली गेली तोलाईत आणि हमाली झाली शून्य. एकूण कपात तीच, शेतकऱ्याच्या हातात पैसे तेवढेच, त्यामुळे कोणाची तक्रारच नाही. महिनाअखेरीला हमालांचा हिशोब काढला तेव्हा एका काउंटरची हमाली शून्य, आणि ट्रॅक्टर तर तिथे रोज रिकामे होत होते! हमालीला डिफॉल्ट दिलं नसतं तर पहिल्याच पट्टीला २०१ नंबरची एरर येऊन सगळं थांबलं असतं, आणि ते खूप बरं झालं असतं. कष्टाच्या पैशाचा हिशोब आहे हो, दोन रात्री बसून एकेक पट्टी दुरुस्त केली.

तेव्हापासून नवीन पॅरामीटर कायम शेवटी, आणि जो आधी सक्तीचा होता तो सक्तीचाच.

दुसरी गोष्ट नलची, म्हणजे ‘व्हॅल्यूच नाही’ याची. कॉलरने (प्रोसिजर कॉल करणाऱ्या प्रोग्रामने) पॅरामीटर पाठवलाच नाही तरच डिफॉल्ट लागतं, नल पाठवला तर नलच आत येतो. वेबवाला रिकाम्या खान्याचा नल पाठवायचा आणि निव्वळ रक्कमच नल व्हायची. आता आत पहिल्याच ओळीला आयएसनल लावून शून्य करतो. मध्ये एकाने सुचवलं की डिफॉल्टच नल ठेवू आणि नल आला तर तोलाईचा दर मास्टरमधून (दरांच्या मूळ टेबलमधून) उचलू. मी नाहीच म्हटलं, कारण मग जुन्या एक्झेच्या पट्ट्यांमधून न सांगता जास्त पैसे कापले गेले असते. जुन्या कॉलरला कालचाच आकडा मिळाला पाहिजे, मग डिफॉल्ट काहीही असो.

फंक्शनला मात्र हे जमत नाही. सिलेक्टमध्ये स्केलर (एकच व्हॅल्यू देणारं) फंक्शन वापरलं की डिफॉल्ट हा शब्द त्या जागी लिहावाच लागतो, म्हणजे जुने सगळे कॉल तुटणार. तिथे मी नव्या नावाचं फंक्शन केलं आणि जुनं त्यालाच कॉल करतं.

शोधाच्या प्रोसिजरमध्ये ‘नल असेल किंवा कॉलम जुळला तर’ अशा सहा अटी झाल्या आणि लाल कांद्याच्या सीझनमध्ये ती रखडायला लागली, ऑप्शन रीकंपाइल (क्वेरीचा प्लॅन दर वेळी नव्याने बनवायला लावणारं) टाकल्यावर सुटली.

आणि कुठल्या पॅरामीटरला डिफॉल्ट आहे हे सिस्टीमच्या पॅरामीटर्स व्ह्यूमध्ये शोधू नका, टी-एसक्यूएलच्या प्रोसिजरला तिथे कायम शून्यच दिसतं. आम्ही प्रोसिजरच्या डोक्यावर कॉमेंटमध्येच लिहितो, कोणता कधी जोडला आणि कोणता कॉलर अजून क्रमाने पाठवतो.