शिबिर, विधी स्वयंसेवक की वर्षभराची सोबत : खानदेशातील मंडळांनी काय निवडावे?

धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतील लहान संस्था आणि युवक मंडळे एक प्रश्न वारंवार विचारतात. हाताशी वर्षभर पुरेल एवढा थोडा निधी आहे आणि गावातील मुलामुलींना मानवी हक्कांसाठी उभे करायचे आहे, तर तो निधी निवासी शिबिरावर खर्च करावा, तरुणांना मोफत कायदेशीर मदत पुरवणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कामात आणावे, की चार-पाच जणांनाच निवडून वर्षभर त्यांच्या सोबत राहावे? या तिन्ही वाटांनी मी काम केले आहे आणि माझा कल कोणत्या बाजूला आहे, हे पुढे लपणार नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये मानवी हक्क शिक्षणाचा जाहीरनामा स्वीकारला. हक्कांविषयीची माहिती, शिकणाऱ्याचा मान राखून दिलेले शिक्षण आणि हक्क प्रत्यक्ष बजावण्याची ताकद, अशा तीन गोष्टी त्यात सांगितल्या आहेत. पहिली गोष्ट कोणत्याही सभागृहात देता येते. तिसरी मात्र तालुक्याच्या कचेरीत गेल्याशिवाय येत नाही, म्हणून तिन्ही वाटा मी याच तिसऱ्या गोष्टीवर तोलतो.

शिबिर हा प्रकार खानदेशाला नवा नाही. शहादा परिसरात आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकारातून आणि १९७२ पासून श्रमिक संघटनेच्या रूपाने भिल्ल शेतमजुरांची चळवळ उभी राहिली, तेव्हा शिबिरे हा तिचा कणाच होता. परंतु तेथील शिबिर जमिनीच्या आणि मजुरीच्या चालू लढ्याच्या मधोमध भरत असे आणि शिबिरातून उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच लढ्यात परतत असे. आज आपण भरवतो त्या शिबिराच्या मागेपुढे असे काही नसते. मी स्वतः दिवाळीच्या तोंडावर पन्नासेक तरुणांचे चार दिवसांचे शिबिर घेतले होते. गाणी झाली, गटचर्चा झाल्या, संविधानाची उद्देशिका सर्वांनी मिळून वाचली. पंधरा दिवसांनी पाड्यांवर गेलो, तेव्हा निम्म्याहून अधिक मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीसाठी गुजरातेत गेली होती आणि होळीपर्यंत परतणार नव्हती. चूक माझी होती, कारण स्थलांतराचे वेळापत्रक मला ठाऊक असूनही मी निधी संपवण्याच्या तारखेप्रमाणे शिबिर लावले होते. शिबिराचा एक गुण मात्र मान्य करायला हवा. मुलगी पहिल्यांदा घराबाहेर राहते आणि आपल्यासारख्या इतर मुलींना भेटते, ही गोष्ट अन्य मार्गाने सहज घडत नाही.

दुसरी वाट विधी स्वयंसेवकाची. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे आणि त्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती आणि जमाती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. लोकांना या मदतीपर्यंत पोहोचवण्यासाठी राष्ट्रीय प्राधिकरणाने २००९ मध्ये विधी स्वयंसेवकांची योजना आणली. जिल्हा प्राधिकरण निवड करते, प्रशिक्षण देते, ओळखपत्र देते आणि कामाच्या दिवसांचे थोडे मानधनही देते. पोलीस ठाण्याच्या दारात उभ्या राहिलेल्या एकवीस वर्षांच्या मुलाला ते ओळखपत्र किती धीर देते, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे : निवड आपल्या हाती नसते, काम नेमून दिलेले असते आणि शासनाच्याच एखाद्या निर्णयाविरुद्ध गाव उभे करणे त्या चौकटीत बसत नाही.

तिसरी वाट सर्वांत संथ आहे आणि मला तीच सर्वांत भरवशाची वाटते. या वाटेने जाणाऱ्या प्रत्येक तरुणाने आपल्या गावातील एकच खरा प्रश्न वर्षभर धरून ठेवायचा असतो : रखडलेला वनहक्काचा दावा, बंद पडलेली अंगणवाडी किंवा रेशनचे न मिळालेले धान्य. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या शुल्कात होतो, महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे तो एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, आणि तीस दिवसांत उत्तर न आल्यास पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करायचे असते. हे कागदावर सोपे दिसते. अहिराणी किंवा पावरी बोलीत घरी तासभर सांगितलेले गाऱ्हाणे कचेरीच्या मराठीत दीडशे शब्दांत बसवायला एका मुलीला माझ्यासमोर तीन संध्याकाळ लागल्या.

तीच मुलगी अर्ज घेऊन तहसील कचेरीच्या आवक खिडकीशी गेली. ठरल्याप्रमाणे मी बाहेर बाकावर बसून राहिलो. आतून "ठेवून जा" असे उत्तर आले. तिने दुसरी प्रत पुढे केली आणि "साहेब, पोच द्या" एवढेच म्हटले. दोनदा नकार मिळाल्यावर शिक्का बसला, तेव्हा तिने तो वाचला आणि त्यावरील तारीख आदल्या दिवशीची असल्याचे दाखवून दिले. अपिलाची मुदत तारखेवरूनच मोजली जाते, हे तिच्या डोक्यात पक्के होते. शिक्क्याची चाके फिरवून नवीन तारीख उमटेपर्यंत ती खिडकीपासून हलली नाही. चार दिवसांच्या कोणत्याही शिबिरातून मी एवढे शिकवू शकलेलो नाही.

या वाटेचा धोका मात्र गंभीर आहे. ज्या रेशन दुकानदाराविरुद्ध अर्ज जातो, त्याच्याकडेच वडिलांची उधारी असते आणि अर्जावर मुलीचे एकटीचे नाव असते. म्हणून पहिले पाऊल शक्यतो ग्रामसभेच्या ठरावाने टाकावे. २००६ च्या वनहक्क कायद्यात दाव्याची सुरुवातच ग्रामसभेपासून होते, आणि अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर यांसारख्या अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून घोषित क्षेत्रात तेथील पंचायतींसाठीच्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जादा अधिकार दिले आहेत. ठरावामुळे प्रश्न गावाचा होतो आणि तरुण गावाच्या वतीने बोलतो.

खर्चाचा विचार केला तर शिबिराचा पैसा मुख्यतः जेवण, मंडप आणि गाड्यांवर जातो. सोबतीचा पैसा एसटीभाडे, झेरॉक्स आणि बुडालेल्या रोजावर जातो. बुडालेली मजुरी भरून देणे अनेक मंडळांना पटत नाही, पण ती दिली नाही तर फक्त सुस्थितीतील घरांतली मुले उरतात आणि मुली तर आधी गळतात.

म्हणून माझे मत असे आहे : जळगाव, अमळनेर किंवा धुळ्यासारख्या ठिकाणी महाविद्यालयाच्या आधाराने काम करणाऱ्यांनी शिबिरासाठी वेगळा निधी खर्च करू नये. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर तेथे तयारच असते. त्याच्याशी जोडून घ्यावे आणि पुढे इच्छुकांना विधी स्वयंसेवक होण्यास मदत करावी. सातपुड्यातील पाड्यांवर काम करणाऱ्यांनी वर्षभराची सोबत निवडावी, ती होळीनंतर सुरू करावी आणि मोठी कामे दिवाळीच्या आत उरकावीत.

मात्र मंडळात पूर्ण वर्ष देणारी, महिन्यातून किमान दोनदा पाड्यावर जाणारी एक व्यक्ती नसेल, तर ही तिसरी वाट घेऊ नये. अर्ज करायला लावून मध्येच सोडलेल्या तरुणाला गावात जो त्रास होतो, तो आपल्याला होत नाही. अशा मंडळाने आधी तालुका विधी सेवा समितीकडे जाऊन स्वयंसेवकांची पुढची निवड कधी आहे, याची चौकशी करावी.