विंडोज ११ वर जायचं की नाही : कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या घरचा आठ महिन्यांचा अनुभव

आमचा घरचा कॉम्प्युटर २०१९ सालचा, राजारामपुरीतून पार्ट घेऊन जोडलेला. इंटेलचा आय-थ्री प्रोसेसर, आठवी जनरेशन, ८ जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क. मधे एकदा २४० जीबीची एसएसडी (वेगवान डिस्क) बसवली आणि विंडोज १० त्यावर घेतलं. मी घरी बसून मराठी टायपिंगची कामं करते. प्रतिज्ञापत्रं, सोसायटीची इतिवृत्तं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, शिवाय आमच्या बचत गटाचा सगळा हिशोब. म्हणजे हे यंत्र दोन दिवस बंद राहिलं तर माझं दोन दिवसांचं काम बुडतं आणि गटातल्या बायकांचा हप्त्याचा हिशोब अडतो. म्हणून 'अपग्रेड करू का?' हा प्रश्न माझ्यासाठी हौसेचा नव्हता.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे बरेच दिवस माहीत होतं. त्या तारखेनंतर कॉम्प्युटर बंद पडत नाही, एवढं आधी स्पष्ट करते, कारण आमच्या गल्लीत तशी अफवा होती. यंत्र चालूच राहतं, फक्त सुरक्षेचे अपडेट यायचे थांबतात. ज्या यंत्रावरून मी बँकेचं खातं उघडते आणि लोकांचे आधार नंबर असलेले कागद टाइप करते, त्यावर नवीन भोकं बुजवायला कुणी नाही ही गोष्ट मला पटणारी नव्हती.

जुलैत एका दुकानात यंत्र दाखवलं. तिथल्या मुलाने तपासणीचं ॲप चालवलं, त्यावर 'टीपीएम २.० सापडलं नाही' असं आलं. टीपीएम म्हणजे यंत्रातल्या सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय. तो म्हणाला, "वहिनी, हे इलेव्हनला चालत नाही. नवीनच घ्या." आकडा ऐकून मी गप्प घरी आले. आमचे हे म्हणाले, "चालतंय की अजून, कशाला बदलायचं?" ते बरोबर होते, पण त्यांचं कारण चुकीचं होतं.

घरी येऊन शांतपणे वाचत बसले तेव्हा कळलं, की विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो. आमचा तर आठव्याच जनरेशनचा. मग टीपीएम का नाही? तर या प्रोसेसरांबरोबर टीपीएमची सोय मदरबोर्डमध्येच असते, वेगळी चिप लागत नाही. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, ती बंद करून ठेवलेली असते एवढंच. इंटेलच्या यंत्रात तिला पीटीटी म्हणतात, एएमडीच्या यंत्रात एफटीपीएम.

गणपतीच्या आधीच्या रविवारी, २४ ऑगस्टला, बसले. आदल्या दिवशी बचत गटाचे हिशोब, फोटो आणि टायपिंगची सगळी फोल्डरं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवली होती, आणि ती डिस्क केबल काढून कपाटात. यूपीएसची बॅटरी नवी होती. आमच्याकडे पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि अपग्रेडच्या मधे लाइट गेलेली मला नको होती.

यंत्र चालू करताना डिलीटचं बटण दाबत राहिले, निळी स्क्रीन आली. ॲडव्हान्स्डमध्ये खाली खाली जात गेले, तर एका ओळीत पीटीटी आणि त्यासमोर 'डिसेबल्ड'. एका ओळीचा प्रश्न होता आणि त्यावर मला नवीन कॉम्प्युटर घ्यायला सांगितलं होतं. ते 'एनेबल्ड' केलं, सेव्ह केलं. परत तपासलं तर टीपीएमपुढे हिरवी टिक. मला त्या क्षणी खरंच भरून आलं.

पण पुढचा अडथळा याच्यापेक्षा मोठा होता आणि त्याबद्दल सविस्तर सांगते, कारण आपल्याकडच्या जोडून घेतलेल्या यंत्रांत हे सर्रास सापडेल. डिस्कवरच्या तुकड्यांची नोंद ठेवायच्या दोन पद्धती असतात, जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी. आमची डिस्क एमबीआर पद्धतीची होती आणि बायॉस 'लेगसी', म्हणजे जुन्या मोडमध्ये. विंडोज ११ ला यूईएफआय (यंत्र सुरू करायची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूटची (सुरू होताना फक्त खात्रीची प्रणाली उघडू देणारी) सोय लागते, त्यासाठी डिस्क जीपीटी पद्धतीची हवी. विंडोजमध्येच एमबीआरचं जीपीटी करणारं साधन आहे, डेटा न पुसता काम करतं. मात्र त्याची अट आहे : त्या डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन (डिस्कचे तुकडे), आणि एक्स्टेंडेड पार्टिशन एकही नको. दुकानदार एकाच डिस्कचे सी, डी, ई, एफ असे तुकडे पाडून देतात, तिथे हे साधन नकार देतं. आमच्या एसएसडीवर फक्त सी होता, डी आणि ई जुन्या हार्ड डिस्कवर. त्यामुळे निभावलं. तुमच्याकडे एकाच डिस्कवर चार-पाच ड्राइव्ह असतील तर आधी बाकीचा डेटा बाहेर काढून ते तुकडे उडवावे लागतील, हे धरून चला.

आणि क्रम चुकवू नका. आधी डिस्क बदलायची, मग यंत्र बंद करून बायॉसमध्ये लेगसी काढून यूईएफआय करायचं. उलटं केलंत तर विंडोज उघडणारच नाही. घाबरून दुकानात पळायची गरज नाही, परत लेगसी केलं की उघडतं. पण त्या काळ्या स्क्रीनपुढे माणसाचे हातपाय गळतात.

त्यानंतरचं अपग्रेड अगदी साधं. फुकट, कारण आमचं विंडोज १० अस्सल होतं आणि परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो. दीड तास लागला. फायली, प्रोग्रॅम, आधीचं लॉगिन, सगळं जागच्या जागी. आवडलं नाही तर दहा दिवसांच्या आत सेटिंगमधून परत विंडोज १० वर जाता येतं. नंतर जुन्या विंडोजचं फोल्डर आपोआप पुसलं जातं. त्या दहा दिवसांत मी मुद्दाम माझी सगळ्या प्रकारची कामं एकेकदा करून पाहिली : प्रिंट, स्कॅन, पत्रिका, बँक, डिजिटल सही.

आता वापराचं. स्टार्टचं बटण मधोमध येतं, ते टास्कबारच्या सेटिंगमधून डावीकडे नेलं आणि विषय संपला. उजव्या क्लिकचा मेनू मात्र मला अजूनही जाचतो. जुनी यादी 'शो मोअर ऑप्शन्स'मागे गेली. दिवसभरात शंभर फायली हाताळणाऱ्या माणसाला एक क्लिक जास्त म्हणजे जास्तच. शिफ्ट दाबून उजवी क्लिक केली तर जुना मेनू थेट येतो, हे कळल्यावर बोटांना तीच सवय लावून घेतली. नोटपॅडमध्ये टॅब आलेत आणि न सेव्ह केलेला मजकूरही बंद करून उघडलं तरी तसाच असतो. फोनवर कुणी नावं, पत्ते सांगत असेल तेव्हा याचा मला फार उपयोग होतो.

वेगाबद्दल खरं सांगायचं तर ८ जीबी रॅमवर चालतं, पण ब्राउझरमध्ये दहा-बारा पानं आणि वर्ड एकत्र उघडलं की यंत्र दमतं. सप्टेंबरमध्ये मी आणखी ८ जीबी टाकली. नंतर रॅमचे भाव ज्या पद्धतीने चढले ते पाहता वेळेवर सुचलं म्हणायचं. १६ जीबीवर तक्रार नाही. पुढचं २५एचटू अपडेट आलं तेही एका रीस्टार्टमध्ये बसलं.

पहिल्या आठवड्यात प्रिंटरने मात्र रडवलं. सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस, चाळीस प्रती, आणि प्रिंट दिली की कागदाऐवजी पीडीएफ सेव्ह करायची खिडकी उघडायची. विंडोज स्वतःच मुख्य प्रिंटर ठरवतं, शेवटी वापरलेला तोच मुख्य धरतं, ही सेटिंग चालू झाली होती. ती बंद करून आपला प्रिंटर कायमचा नेमला, तेव्हापासून त्रास नाही.

मराठीचं काय? इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड जसेच्या तसे राहिले. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या लग्नपत्रिकांच्या फायलीही उघडतात, कारण आम्ही कोरं विंडोज टाकलं नाही, आहे त्यावरच चढवलं. हा फरक किती मोठा आहे ते माझ्या नणंदेच्या बाबतीत दिसलं. इचलकरंजीला तिच्या लॅपटॉपवर एकाने सगळं पुसून विंडोज ११ घातलं. तिच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका मंगल फॉन्टमधल्या. उघडल्या तर अक्षरं वेगळीच, दोन पानांची प्रश्नपत्रिका तिसऱ्या पानावर गेलेली. तिला वाटलं फायली खराब झाल्या. फायली ठीक होत्या. कोऱ्या इंग्रजी विंडोजमध्ये मंगल आधीपासून नसतो, ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचे पूरक फॉन्ट घ्यावे लागतात. फोनवर सांगून दहा मिनिटांत तिचं काम झालं. तिला आणखी एक करायला लावलं. कोऱ्या इन्स्टॉलमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असू शकते आणि ते कुलूप उघडायची किल्ली, रिकव्हरी की, मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाते. ज्याने इन्स्टॉल केलं त्याच्याच ईमेलवर खातं उघडलं असेल तर किल्ली त्याच्याकडे. तिचं तसंच निघालं. तिच्या नावाने खातं जोडलं आणि ४८ आकड्यांची ती किल्ली वहीत लिहून घेतली.

राहिले आमचे मामा, म्हणजे सासरे. त्यांचं यंत्र चौथ्या जनरेशनचं, ४ जीबी रॅम. त्याला विंडोज ११ नियमात बसत नाही. अट चुकवून बसवून देणारे भेटतात, मलाही एकाने विचारलं. मी नाही म्हटलं, कारण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नसते, आणि अपडेटसाठीच तर हा खटाटोप. मामांचं काम ठरलेलं : सकाळी पेपर, कारखान्याच्या ऊसबिलांचा हिशोब, कीर्तनं, आणि पावसाळ्यात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे आकडे त्यांच्या जिभेवर. मळ्याकडे निरोप धाडायचा की नाही ते त्यावर ठरतं.

ऑक्टोबरमध्ये त्यांच्या विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेटची सोय लावली. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. घरगुती वापराला सेटिंगचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवला तर पैसे पडत नाहीत. तेवढ्यावर वर्ष निघालं असतं. पण मला पुढची सोय घाई नसतानाच बघायची होती. म्हणून पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी वापरायची फुकट प्रणाली, चालवून त्यांना दाखवलं, डिस्कला हात न लावता. ते आठवडाभर बघत होते. मग म्हणाले, "हे हलकं वाटतंय गं. अक्षर मोठं करून दे, झालं."

फेब्रुवारीत एक छोटी एसएसडी आणून त्यावर मिंट २२ ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घातली. तिचे अपडेट २०२९ पर्यंत येणार आहेत. ऊसबिलांची एक्सेल फाइल लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस प्रोग्रॅममध्ये नीट उघडली, बेरजा जुळल्या. मी दोन वर्षांच्या नोंदी मामांना शेजारी बसवून ताडून पाहिल्या. प्रिंटर माझ्याच यंत्राला आहे, त्यामुळे तिकडे प्रश्न आला नाही.

विंडोज १० असलेली त्यांची जुनी हार्ड डिस्क मी पुसलेली नाही. तारीख लिहून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, कपाटाच्या वरच्या खणात ठेवली आहे. हा पावसाळा मिंटवर निभावला आणि ती काढायची वेळ आली नाही, तर दसऱ्याला फॉरमॅट करून बचत गटाच्या बॅकअपसाठी घेणार आहे.