ब्लास्टचा माल फोटोवरून मोजायचा का चाळणीनं?

उमरेड रोडकडचे खाणवाले दोन-तीन भाऊ सारखे विचारून राहिले की ब्लास्टचा दगड किती बारीक फुटला हे फोटो काढून सॉफ्टवेअरनं मोजावं का आपली चाळणीच बरी, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

गिट्टी विकायची असेल तर चाळणी सोडूच नका. आयएस २३८६ म्हणजे गिट्टी तपासायचं भारतीय मानक, त्यातली मापाची टेस्ट चाळणीचीच आहे, २० एमएमच्या मालात चुरी किती ते तीच खरं सांगते. पण ब्लास्टच्या ढिगात मीटरभराचे बोल्डर पडलेले असतात, ते कोणत्या चाळणीत घालणार?

तिथं फोटो कामाला येतो. माप माहीत असलेले दोन बॉल ढिगावर ठेवायचे, एक वर एक खाली, कारण उतारामुळे लांबचा दगड लहान दिसतो, आणि मग विपफ्रॅग किंवा स्प्लिटसारखं सॉफ्टवेअर प्रत्येक दगडाची कड शोधून ८० टक्के माल किती मापाच्या खाली आहे ते काढून देतं. पोकलेन थांबवायची गरज नाही, लोडिंग चालू असताना मधेमधे फोटो घेत राहायचे, कारण एकाच फोटोत फक्त वरचा थर येतो, आतला माल वेगळाच असू शकतो.

सगळ्यात मोठी अडचण बारीक मालाची. चुरी मोठ्या दगडांच्या फटीत जाते, फोटोत वेगळी दिसतच नाही, त्यामुळे हिशोबात कमी धरली जाते. दुसरं म्हणजे आपला दगड काळा बेसाल्ट, त्यात नागपूरचं दुपारचं ऊन. मी भर बारा वाजता काढलेल्या फोटोंत सावलीमुळे दोन-दोन दगड एक झाले होते, अख्खी संध्याकाळ कडा हातानं दुरुस्त करण्यात गेली. सकाळी ऊन चढायच्या आत, नाहीतर ढगाळ दिवशी काढा.

ड्रोनच्या फोटोंवरून ढिगाचं थ्रीडी मॉडेल केलं तर उताराचा घोळ कमी होतो पण छोट्या खाणीला तो खर्च मी तरी सांगणार नाही. माल वाहणाऱ्या कन्व्हेयर बेल्टवरचा कॅमेरा मोठ्या प्लांटसाठी.

जॉ क्रशर, म्हणजे दगड चिरडायचं मशीन, सारखा चोक होत असेल, बोल्डर फोडणारा ब्रेकर डिझेल खात असेल तर फोटोच घ्या, बर्डन-स्पेसिंग (ब्लास्टच्या होलचं मोकळ्या कड्यापासूनचं अन् होल-होलमधलं अंतर) बदलल्यावर आधीचा अन् नंतरचा ढीग त्यानं चांगला तोलता येतो. फक्त सुरुवातीला बोल्डर नसलेला एक टिप्पर माल फोटोनंही मोजा आणि चाळूनही बघा, बारीक मालात जो फरक येईल तो पुढं प्रत्येक वेळी धरायचा.