पदवी पडताळून देणाऱ्या सेवेचा अनुभव: प्रमाणपत्र खरे, पण विद्यापीठाचे काय?

शासकीय आणि निमशासकीय कार्यालयांच्या आस्थापना शाखा, म्हणजे नेमणुका आणि सेवानोंदी पाहणाऱ्या शाखा, कर्मचाऱ्यांच्या पदव्यांची पडताळणी अलीकडे खासगी कंपन्यांकडे सोपवू लागल्या आहेत. मुंबईत अशा बऱ्याच कंपन्या आहेत. त्यांपैकी अंधेरी पूर्वेकडील एका कंपनीची सेवा आमच्या कार्यालयाने गेल्या वर्षी घेतली. मी याच आस्थापना शाखेतून निवृत्त झाले असून आता मानधनावर चौकशी अधिकारी म्हणून तिथले काम पाहते, त्यामुळे त्या कंपनीचा प्रत्येक अहवाल माझ्या टेबलावरून गेला आहे. एक प्रकरण अद्याप विभागीय चौकशीत असल्याने कंपनीचे आणि कार्यालयाचे नाव मी लिहीत नाही. परंतु सेवा कशी आहे, तिचा उपयोग कुठे होतो आणि ती कुठे पूर्णपणे उघडी पडते, हे अशी सेवा घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला कळले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

कंपनीची पद्धत सरळ आहे. कर्मचाऱ्याचे संमतीपत्र, पदवी प्रमाणपत्र आणि शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका यांच्या स्कॅन केलेल्या प्रती त्यांच्या पोर्टलवर टाकायच्या. त्यानंतर संबंधित विद्यापीठाशी पत्रव्यवहार, शुल्काचा भरणा आणि पाठपुरावा हे सारे तेच करतात. आम्हाला प्रत्येक प्रमाणपत्रामागे 700 रुपये, विद्यापीठाचे शुल्क वेगळे आणि त्यावर 18 टक्के जीएसटी असा दर पडला. मी नोकरीला लागले तेव्हा हेच काम नोंदणीकृत टपालाने चालत असे. पत्र, स्मरणपत्र, दुसरे स्मरणपत्र असे करत नस्ती (फाइल) जाड होई, आणि तोवर कर्मचाऱ्याचा परिवीक्षा कालावधी संपून तो कायमही झालेला असे. त्या मानाने या कंपनीचे काम वेगवान आहे. बहुतेक अहवाल तीन आठवड्यांत आले, फोन केला तर प्रकरण कुठे अडले आहे ते तिथल्या मुली न कंटाळता सांगत, आणि प्रत्येक अहवालासोबत विद्यापीठाच्या उत्तराची प्रत जोडलेली असे.

पहिल्या 62 प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यात त्यांनी दोन बनावट कागद पकडले. एका गुणपत्रिकेवरील आसन क्रमांक विद्यापीठाच्या नोंदीत दुसऱ्याच विद्यार्थ्याच्या नावावर होता. दुसऱ्या गुणपत्रिकेत नापास झालेल्या विषयाचे गुण बदलले होते. हे दोन्ही कागद आमच्या शाखेत वर्षानुवर्षे सेवापुस्तकाला जोडलेले होते आणि कोणाच्याही लक्षात आले नव्हते. खऱ्या विद्यापीठाच्या नावाने केलेला खोटा कागद पकडण्यासाठी ही सेवा चांगली आहे, आणि एवढ्या कामाचे पैसे वसूल झाले असे मी निःसंकोच म्हणेन.

खरी अडचण तिसऱ्या गठ्ठ्यात समोर आली.

एका वरिष्ठ लिपिकाने पदोन्नतीसाठी बी.कॉम.ची पदवी सादर केली होती. पदवी परराज्यातील एका संस्थेची, अभ्यासकेंद्र मात्र ठाणे जिल्ह्यातले. कंपनीच्या अहवालात हिरव्या चौकटीत लिहिले होते: ‘पडताळणी पूर्ण. प्रमाणपत्र खरे आहे.’ अहवाल नस्तीला लावून मी पुढे गेलेही असते, पण प्रमाणपत्राची प्रत पाहताना माझा हात थांबला. जाड, सायीच्या रंगाचा कागद, मध्यभागी सोनेरी गोल शिक्का, कोपऱ्यात चकाकणारा होलोग्राम, आणि वरती मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द. तळाशी भिंगाने वाचावा लागेल एवढ्या बारीक टाइपात नोंदणी क्रमांक होता. तो क्रमांक संस्था नोंदणी अधिनियम, 1860 खालचा होता. या अधिनियमाखाली वाचनालय, महिला मंडळ, नाट्यसंस्था अशा कोणत्याही संस्थेची नोंदणी होते. त्या नोंदणीने पदवी देण्याचा अधिकार मिळत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावरील विद्यापीठांच्या यादीत मी ते नाव शोधले. ते नव्हते. आयोग बोगस विद्यापीठांचीही यादी प्रसिद्ध करतो, आणि तिच्यात आपल्या राज्यातील नागपूरच्या राजा अरेबिक विद्यापीठाचे नाव अनेक वर्षे राहिले आहे. पण मी शोधत होते ते नाव त्याही यादीत नव्हते. इथे अनेक आस्थापना अधिकाऱ्यांची गफलत होते. बोगस यादीत नाव नाही, म्हणजे संस्था खरी, असा निष्कर्ष ते काढतात. आयोगाच्या नजरेस आलेल्या संस्थाच त्या यादीत असतात. पडताळणी करायची ती मान्यताप्राप्त विद्यापीठांच्या यादीवरून, आणि त्या यादीत नाव नसेल तर पुढे खुलासा करण्याची जबाबदारी संस्थेची आणि पदवीधारकाची असते.

मग मी अहवालाच्या जोडपत्रात दिलेल्या दूरध्वनी क्रमांकावर स्वतः फोन केला. तोच क्रमांक प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूलाही छापलेला होता. पलीकडच्या गृहस्थांनी कर्मचाऱ्याचे नाव ऐकताच ‘हाँ जी, हमारा ही स्टूडेंट है’ असे सांगितले. आसन क्रमांक विचारला नाही, वर्ष विचारले नाही, कोणतेही रजिस्टर उघडल्याचा आवाज नाही. उलट मलाच विचारले, ‘लेटर चाहिए क्या?’ कंपनीला आलेले पुष्टिपत्र याच मार्गाने आले होते, आणि तेही मोफत मिळणाऱ्या ईमेल खात्यावरून.

म्हणजे कंपनीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अचूक होते. हे प्रमाणपत्र तुम्ही दिले का, असा प्रश्न होता, आणि संस्थेने होकार दिला. तो होकार खराही होता, कारण कागद त्यांनीच विकला होता. पदव्यांचे दुकान चालवणारी संस्था आपल्या गिऱ्हाइकाला कधीच नाकारणार नाही, हे ज्यांचा व्यवसायच पडताळणीचा आहे त्यांना सांगावे लागू नये.

अमेरिकेत हा प्रकार वीस वर्षांपूर्वीच चव्हाट्यावर आला होता. सिनेटर सुझन कॉलिन्स यांच्या विनंतीवरून तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने, म्हणजे जीएओने, 2002 मध्ये ‘डिग्रीज-आर-अस’ नावाच्या विक्रेत्याकडून मागील तारखेच्या दोन पदव्या चक्क विकत घेतल्या, आणि त्याही कॉलिन्स यांच्याच नावाने. नोकरी देणाऱ्यांना खात्री करून घ्यायची असेल तर त्यांना देण्यासाठी एक दूरध्वनी क्रमांकही त्या खरेदीत मिळाला होता. पुढे मे 2004 मध्ये याच कार्यालयाने सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. मान्यता नसलेल्या तीन संस्थांनी दिलेल्या माहितीत संघराज्य शासनाचे 463 कर्मचारी विद्यार्थी म्हणून आढळले, आठ खात्यांत वरिष्ठ पदांवरील 28 जणांकडे अशा पदव्या निघाल्या, आणि दोन संस्थांना शासकीय तिजोरीतून सुमारे 1 लाख 69 हजार डॉलर गेल्याचे दिसले. गृहसुरक्षा खात्याच्या एका उच्चपदस्थ अधिकाऱ्याच्या पदव्या वायोमिंगमधील अशाच संस्थेच्या होत्या, आणि तिचा पत्ता पूर्वीच्या एका मोटेलचा होता. तिथल्या तपासनिसांनी विचारलेला पहिला प्रश्न आमच्या अहवालांत कुठेच नव्हता: या संस्थेला पदवी देण्याचा अधिकार आहे का?

आपला कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, 1956 च्या कलम 22 प्रमाणे केंद्रीय, प्रांतिक किंवा राज्य कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, यांनाच पदवी देता येते. कलम 23 अशा अधिकाराशिवाय ‘विद्यापीठ’ हा शब्द वापरू देत नाही. शिक्षेच्या कलमात मात्र दंडाची कमाल मर्यादा एक हजार रुपये आहे, आणि एवढ्या दंडाला असे दुकान चालवणारा कोणी भीत असेल असे मला वाटत नाही. शिवाय संस्थेचा दर्जा कायम एकसारखा राहत नाही. छत्तीसगडमध्ये 2002 च्या कायद्याखाली शंभराहून अधिक खासगी विद्यापीठे उभी राहिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर त्या कायद्याच्या संबंधित तरतुदी रद्द केल्या. म्हणून केवळ आजची यादी पाहून भागत नाही. पदवी दिली त्या तारखेला संस्था कोणत्या कायद्याखाली उभी होती, हे अहवालात यायला हवे.

हे सर्व मुद्दे घेऊन मी कंपनीच्या कार्यालयात गेले. चकाला मेट्रो स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर, एका औद्योगिक वसाहतीच्या चौथ्या मजल्यावर ते आहे. आमचे काम पाहणाऱ्या तरुणीने नस्ती नीट वाचली आणि म्हणाली, ‘मॅडम, संस्थेची मान्यता तपासणे आमच्या स्कोपमध्ये येत नाही. तुमच्या वर्क ऑर्डरमध्ये फक्त प्रमाणपत्राची पडताळणी आहे.’ मी कार्यादेश काढून पाहिला. ती बरोबर होती. आदेशाचा मसुदा आमच्याच शाखेने केला होता आणि त्यात ‘प्रमाणपत्राची सत्यता’ एवढेच शब्द होते. त्यामुळे दोष पूर्णपणे कंपनीच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही. तरीही ज्या पानावर अहवालाची व्याप्ती लिहिली आहे ते सहावे पान बारीक अक्षरांत, आणि पहिल्या पानावर मात्र हिरव्या चौकटीत ‘खरे आहे’ असा शेरा, ही मांडणी दिशाभूल करणारी आहे असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. पदोन्नती समितीतील अधिकारी पहिलेच पान पाहतात.

त्या लिपिकाबद्दलही लिहिले पाहिजे. चौकशीच्या पहिल्या सुनावणीला तो प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये अभ्यासकेंद्राच्या नऊ पावत्या घेऊन आला होता. दर सहा महिन्यांनी त्याने शुल्काचे हप्ते भरले होते, उत्तरपत्रिका घरी सोडवून केंद्रात जमा केल्या होत्या, आणि पाठवलेली पुस्तके त्याच्याकडे अजून होती. ‘मॅडम, मला हे खोटं असेल असं कधी वाटलंच नाही,’ असे तो म्हणाला, आणि मला त्याच्या बोलण्यात बनाव दिसला नाही. पैसे मोजून आठ दिवसांत पदवी मागवणारा आणि वर्षानुवर्षे फसवला गेलेला, हे दोघेही अहवालात एकाच रांगेत येतात. पदवी दोघांचीही ग्राह्य धरता येणार नाही, आणि पदोन्नती दोघांचीही थांबेल. पण हेतू पाहणे हे चौकशी अधिकाऱ्याचे काम आहे, आणि महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मधील कार्यपद्धतीप्रमाणे दोषारोपपत्र, बचावाची संधी आणि साक्षीपुरावा हे टप्पे पार केल्याशिवाय, केवळ खासगी कंपनीच्या अहवालावर कोणाचीही नोकरी जाता कामा नये. हे मी माझ्या टिपणीत लिहिले आहे.

आस्थापना शाखेवरील जबाबदारी आणखी एका कारणाने मोठी आहे. कर्मचाऱ्याच्या सेवेसंबंधीची बरीचशी माहिती सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या एका निर्णयात वैयक्तिक मानली असल्याने, बाहेरच्या नागरिकाला माहिती अधिकारातून अशा पदव्यांचा माग काढणे कठीण झाले आहे. नस्ती ज्याच्या हाती आहे त्यानेच पाहिले नाही, तर दुसरे कोणी पाहणार नाही.

ज्यांना अशी सेवा घ्यायची आहे त्यांना मी घ्या असेच सांगेन, पण कार्यादेशात चार गोष्टी लिहून घेतल्याशिवाय घेऊ नका. पदवीच्या तारखेला संस्थेचा कायदेशीर आधार कोणता होता ते अहवालाच्या पहिल्याच पानावर यावे. विद्यापीठाचा संपर्क प्रमाणपत्रावरून न घेता आयोगाच्या किंवा राज्य शासनाच्या यादीवरून घ्यावा. परदेशी पदवी असेल तर समकक्षतेचे अधिकृत प्रमाणपत्र मागावे, कारण अशा पदव्या विकणारे स्वतःच मान्यता देणाऱ्या बनावट संस्थाही उभारतात. कराचीच्या ‘अ‍ॅक्झॅक्ट’ कंपनीच्या बाबतीत 2015 मध्ये जगाला हेच दिसले. आणि अलीकडची पदवी असेल तर कंपनीला पैसे देण्याआधी कर्मचाऱ्याच्या संमतीने डिजिलॉकरवरील राष्ट्रीय शैक्षणिक भांडारात पाहावे. तिथे मिळणारा कागद विद्यापीठाने स्वतः चढवलेला असतो आणि कायद्याने मूळ प्रतीच्या तोडीचा मानला जातो. जुन्या पदव्या मात्र तिथे सापडतीलच असे नाही, आणि पदोन्नतीच्या वयाला आलेल्या कर्मचाऱ्यांच्या पदव्या बहुधा जुन्याच असतात.

आमच्या पत्रानंतर कंपनीने अहवालाचा नमुना बदलला. पहिल्या पानावर आता ‘पदवी देण्याचा अधिकार’ असा स्वतंत्र रकाना आहे, आणि त्यासाठी प्रत्येक प्रमाणपत्रामागे 150 रुपये जादा घेतले जातात. तो दर मला वाजवी वाटतो. मागच्या महिन्यात नव्या नमुन्यातील 11 अहवाल आले. नऊंमध्ये कायद्याचे नाव व वर्ष नीट लिहिलेले आहे. दोनमध्ये तो रकाना कोरा आहे, आणि ते दोन्ही मी त्याच दिवशी परत पाठवले आहेत.