नवतपात काळी पडलेली लेबलं : औजारांना बारकोड लावून नऊ महिने झाले

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस लागले आणि नागपूरजवळच्या वाडीतल्या आमच्या गोदामातला बारकोड स्कॅनर वाचेनासा झाला. स्टोअर सांभाळणारे काका म्हणाले, "भाऊ, मशीन तं आंधळं झालं." त्यांच्या हातात बुटीबोरीच्या साइटवरून आलेला ग्राइंडर होता आणि त्यावरचं लेबल पार काळं पडलं होतं. पट्टी कुठली आणि मधली जागा कुठली, काही कळत नव्हतं. त्या एका आठवड्यात असे ३७ नग निघाले.

आमचं काम इलेक्ट्रिकल ठेकेदारीचं. गेल्या खंडेनवमीला पूजेसाठी ड्रिल, ग्राइंडर, मेगर, क्रिम्पिंग टूल, चेन पुली असं सगळं मांडलं होतं. वर्षातून तो एकच दिवस सगळी औजारं एका छताखाली दिसतात. मोजली तर ४१२ भरली, रजिस्टरात ४४०. त्याच आठवड्यात बारकोड घ्यायचं ठरवलं, म्हणजे औजार कुणी नेलं आणि कधी जमा केलं याची नोंद स्कॅन करून राहील. लेबल प्रिंटर, लेझर स्कॅनर आणि सॉफ्टवेअर मिळून ३८ हजार गेले.

सुरुवातीला एकच अडचण आली. काका साइटची नावं मराठीत टाइप करतात. स्कॅनर म्हणजे संगणकाच्या लेखी कीबोर्डच, त्यामुळे इनस्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची मांडणी चालू असताना कोड वाचला की त्यातल्या 'डीआर' या इंग्रजी अक्षरांच्या जागी पडद्यावर 'अई' उमटायचं. विकणाऱ्याच्या माणसाला याचं कारण दोन दिवस सापडलं नाही. स्कॅन करण्याआधी कीबोर्ड इंग्रजीवर घ्यायचा, एवढंच होतं.

फेब्रुवारीत मात्र या यंत्रणेनं मला जिंकलं. एक ड्रिल मशीन सापडेना आणि संशय एका हेल्परवर गेला. पोरगा रडवेला होऊन म्हणाला, "काऊन भाऊ, आमच्यावर भरोसा नाही का?" नोंद काढली. त्यानं मशीन आदल्या संध्याकाळीच जमा केलं होतं आणि सकाळी ते दुसऱ्या टोळीबरोबर हिंगण्याला गेलं होतं. तिथल्या पेटीत मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी अशाच हरवलेल्या मशीनपायी मी एकाच्या पगारातून २,२०० रुपये कापले होते, रजिस्टरात परतीची सही नव्हती एवढ्यावरून. ते पैसे मी त्याला परत दिले. त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच गुण दिले असते.

मग मे अखेरीस नवतपा आला. विकणाऱ्याला फोनावर फोन केले. अकराव्या दिवशी त्याचा माणूस आला, स्कॅनरची काच पुसली आणि म्हणाला, स्कॅनर कमजोर आहे, १४,५०० चा नवा घ्या. लेबलांबद्दल विचारलं तर म्हणे, ती करारात येत नाहीत. मला हे पटेना. गोदामातल्या रॅकवरची लेबलं तोच स्कॅनर पहिल्या फटक्यात वाचत होता, अडत होता तो साइटवरून आलेल्या औजारांवरच. शिवाय काही लेबलं काळी पडण्याऐवजी पांढरी झाली होती, पट्ट्याच उडालेल्या. एकच रोल, एकच प्रिंटर आणि बिघाड दोन टोकांचे. तीन रात्री मी याच विचारात होतो.

उत्तर टेम्पोच्या डॅशबोर्डवर पडलं होतं. पेट्रोल पंपाची पावती, तशीच काळीठिक्कर. आमची लेबलं त्याच जातीच्या कागदावर होती, डायरेक्ट थर्मल. या छपाईत शाई नसतेच. कागदावरच रसायनाचा थर असतो आणि प्रिंटरचं गरम डोकं लागेल तिथे तो काळा होतो. साधारण ६५-७० अंशांना हा कागद आपला आपणच काळवंडू लागतो. बाहेर ४५ असताना बंद टेम्पोत, उन्हात तापलेल्या लोखंडी पेटीत तेवढं होणं अवघड नाही. आणि पांढरी पडलेली? त्यांवर पोरांनी लेबल टिकावं म्हणून पारदर्शक चिकटपट्टी लावली होती. तिच्या गोंदानं छपाई खाल्ली. त्यांनी ते काळजीपोटीच केलं होतं, म्हणून कुणाला बोललो नाही.

कुणी लेबल विकायला आलं तर त्यावर नखानं जोरात रेघ ओढा. काळी रेघ उमटली तर तो हाच कागद. महिनाभरात उघडून फेकायच्या खोक्याला तो चालेल, नागपुरात उन्हाळा काढणाऱ्या औजाराला नाही. ही गोष्ट विकणाऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती. त्याचा राग अजून गेलेला नाही.

नवा स्कॅनर घेतला नाही, प्रिंटरही नाही. इतवारीतल्या एका लेबलवाल्याकडून पॉलिस्टरवर रेझिन रिबननं ५०० लेबलं छापून घेतली. यात रिबनवरची शाई लेबलावर उतरते, उष्णतेनं ती काळवंडत नाही. नगाला साडेतीन रुपये पडले, म्हणजे १,७५० रुपयांत काम झालं. जूनमध्ये लावली, पावसाआधीचं ऊन आणि ग्रीस दोन्ही खाऊन अजून वाचतात.

लावताना दोन गोष्टी शिकलो. गोल मुठीवर पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या याव्यात. उभ्या लावल्या तर कडेच्या पट्ट्या वळणामागे जातात आणि स्कॅनर अडतो. कोडच्या दोन्ही बाजूंची कोरी जागा कापायची नाही. काकांनी लेबल सुबक दिसावं म्हणून कडा कापल्या आणि ती ४० लेबलं वाया गेली.

पाने, पक्कड अशा लहान औजारांवर आता क्यूआर आहे. लेझर स्कॅनर तो वाचत नाही, मोबाईल वाचतो. आधी मी क्यूआरला नाही म्हणत होतो, ते मत बदललं. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हनं तो मोटारींच्या सुट्या भागांवर लक्ष ठेवण्यासाठीच तयार केला होता, म्हणजे आमच्यासारख्या तेलकट कामासाठीच. क्यूआर तयार करताना त्यातली चूक-दुरुस्तीची पातळी सर्वांत वरची ठेवली तर सुमारे ३० टक्के भाग खराब होऊनही वाचता येतो. आमच्या पान्यांना हेच हवं होतं.

एक मर्यादा आधीच सांगतो. वस्तू आत्ता कुठे आहे ते बारकोड सांगत नाही, शेवटचं स्कॅन कुठे झालं तेवढंच सांगतो. संध्याकाळी सातला टेम्पो येतो, सगळ्यांना घरी जायची घाई असते आणि दहा नग तसेच आत सरकतात. म्हणून परतीचं स्कॅन झाल्याशिवाय काका आता शटर ओढत नाहीत.

आज चार गुण देईन. चौदा औजारं अजूनही बेपत्ता आहेत, पण शेवटी कुणाकडे गेली ते आता माहीत आहे. जुन्या कागदी लेबलांचे तीन कोरे रोल उरलेत. थंड गोदामात माल ठेवणाऱ्या कुणाला उपयोगी पडत असतील तर वाडीला येऊन घेऊन जावेत, पैसे नकोत.