कोरियात इंग्रजी शिकवायला पाठवतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका

सोलमधल्या हागवॉनमध्ये, म्हणजे शाळा सुटल्यावर मुलं जातात त्या खासगी क्लासमध्ये, इंग्रजी शिकवायची नोकरी लावतो म्हणून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका ऑफिसनं माझ्याकडून दोन लाखांच्या घरात पैसे उकळले. त्यातले काही बाबांच्या ऊसबिलाचे, बाकीचे आईच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून काढलेले. एम.ए., बी.एड. करून वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राबणारे आपल्याकडं गावोगावी आहेत, आणि हे लोक नेमके त्यांनाच गाठतात. म्हणून हे लिहितेय.

आधी मुद्द्याचं. हागवॉनमध्ये शिकवायला ई-२ नावाचा व्हिसा लागतो. हागवॉनसाठी तो अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्या नागरिकांनाच मिळतो. तुमचं इंग्रजी कितीही उत्तम असू दे, भारतीय पासपोर्टवर हागवॉनची नोकरी होत नाही.

मग आम्हा सगळ्यांना पटलं कसं? अर्ध्या खऱ्या गोष्टीमुळं. भारत आणि दक्षिण कोरियात २०१० पासून एक आर्थिक करार लागू आहे. त्यातून भारतीय शिक्षकांना तिथल्या शाळांमध्ये सहायक म्हणून जायची वाट आहे, त्याला पदवी आणि शिक्षकाची पात्रता लागते. त्या कराराचं पान लॅमिनेट करून ऑफिसच्या भिंतीवर लावलं होतं. करारातली वाट शाळांपुरती आहे, हागवॉनसाठी नाही, एवढंच तेवढं कुणी बोलत नव्हतं.

पैसे एकदम मागत नाहीत. आधी नोंदणी, मग टेफलचा, म्हणजे परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचा, ऑनलाइन कोर्स, मग पदवीचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण, मग 'जागा राखून ठेवायला' आणखी. शेवटी ऑफर लेटर हातात आलं. पगार महिना २१ लाख वॉन, राहायला खोली, विमानाचं तिकीट, खाली गोल लाल शिक्का. व्हिसा कोणता, ते मात्र कुठंच नाही. विचारल्यावर साहेब म्हणाले, "मॅडम, आत्ता टुरिस्ट व्हिसावर जावा. तिथं गेल्यावर बदलून मिळतोय, सगळे असंच जातात."

टुरिस्ट व्हिसावर तिथं पगारी शिकवणं बेकायदा आहे. सापडलं की दंड, हद्दपारी, पुढं प्रवेशबंदी. आणि मालकानं पगार बुडवला तर अशा अवस्थेतली मुलगी परक्या देशात कुणाच्या दारात जाणार? मला अजूनही राग येतो तो याचा. पैसे गेलेच, पण हे लोक पोरींना डोळ्यांदेखत खाईत ढकलत होते.

मी जायला नकार देऊन पैसे परत मागितले, तर माझीच पावती माझ्यापुढं धरली. त्यावर छापलेलं: 'मार्गदर्शन शुल्क, परत मिळणार नाही.' नोकरी हा शब्दच नाही. हे मुद्दाम असतं. परदेशात नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये व वर जीएसटी एवढंच घेता येतं. 'मार्गदर्शन' लिहिलं की आम्ही एजंटच नव्हे म्हणायला ते मोकळे. एजंटाचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसलं नाही तर खुर्चीवर बसूच नका. मूळ सर्टिफिकेट तर कुणाच्याच ताब्यात देऊ नका. माझं बी.एड.चं सर्टिफिकेट परत मिळवायला बाबांना चार माणसं घेऊन जावं लागलं.

आता हीच माणसं जपानचं नाव घेतात, असं गडहिंग्लजच्या एका मुलीकडून कळलं. तिथं नोकरी देणारी संस्था आधी जपानच्या इमिग्रेशनकडून 'सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी' काढते आणि ते दाखवून तुम्ही कामाचा व्हिसा मागता. ते आलंय का, एवढंच विचारा. ते दाखवत नसतील तर पैसे देऊ नका.

मी पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, जितका उशीर तितकी रक्कम अडवणं अवघड. पावत्या, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, बँकेच्या नोंदी जपून ठेवा. त्या ऑफिसात पैसे भरलेल्या आणखी कुणी तक्रार दिली, तर माझ्या तक्रारीलाही वजन येईल.