बजाज फ्रीडम १२५ सीएनजी: काही महिने वापरल्यावर मांडलेला धुराचा हिशेब

पैसे वाचतात, त्यावर फार लिहीत नाही. ज्यांना तेवढंच हवं आहे त्यांनी खुशाल घ्यावी. मी ही गाडी घेतली ती धूर कमी व्हावा म्हणून. तो होतो का? होतो, पण किती होतो हे आपल्या टाकीत भरलेला गॅस आला कुठून यावर ठरतं.

५ जुलै २०२४ ला पुण्यात नितीन गडकरींच्या हस्ते ही गाडी बाजारात आली. सीएनजीवर चालणारी जगातली पहिली मोटरसायकल. रिक्षाला सीएनजी बसवणं आपल्याकडे जुनं, पण मोटरसायकलवर टाकी ठेवणार कुठे, हाच मोठा प्रश्न होता. इंजिनिअरांनी ती सीटखाली, सांगाड्याच्या पाइपांच्या जाळीत आडवी बसवली आहे. रिकामी टाकीच सोळा किलोची, तिच्यात गॅस मावतो दोन किलो. जोडीला दोन लिटरची पेट्रोल टाकी. सीट लांबलचक आहे, मागे बसणाऱ्याची तक्रार नाही. हँडलवरचं बटण दाबलं की चालत्या गाडीत इंधन बदलतं.

कात्रजचा जुना घाट चढताना दोन्ही इंधनांतला फरक कळतो. गॅसवर ओढ किंचित कमी, गिअर एक खाली घ्यावा लागतो. कारण साधं आहे: गॅस इंजिनाच्या सिलिंडरमध्ये शिरताना हवेची जागा खातो. त्या बदल्यात मिथेनचा (सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेनच) ऑक्टेन, म्हणजे दाबलं तरी वेळेआधी न पेटण्याची ताकद, पेट्रोलपेक्षा बराच वरचा, त्यामुळे फक्त गॅससाठी इंजिन बनवलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनात इंधन-हवेचं मिश्रण दाबण्याचं प्रमाण, वाढवून जास्त काम काढता येतं. इथे त्याच इंजिनला पेट्रोलही पचायला हवं, म्हणून मधला मार्ग काढावा लागतो. मला हा व्यवहारी निर्णय वाटतो. पंप लांब असेल तर माणूस रस्त्यात अडकत नाही.

आता हिशेब. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, एक किलो मिथेन जाळलं की २.७५ किलो. कंपनीचे आकडे धरले तर किलोला १०२ किलोमीटर आणि लिटरला ६५. म्हणजे पेट्रोलवर किलोमीटरला साधारण ३५ ग्रॅम आणि गॅसवर २७. जवळजवळ चौथा भाग कमी. शहराच्या गर्दीत दोन्ही ॲव्हरेज खाली येतात, तरी गुणोत्तर फारसं हलत नाही. बॅटरीच्या गाडीसारखी शून्याची भाषा इथे नाही, पण चौथा भाग म्हणजे थोडका नव्हे.

मला रुतलेली गोष्ट मात्र वेगळी. मिथेन न जळता हवेत सुटलं, तर शंभर वर्षांच्या हिशेबात ते कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट उष्णता धरून ठेवतं. वर मिळालेला फायदा किलो गॅसमागे ०.९ किलोच्या आत आहे. विहिरीपासून पंपापर्यंत शंभर किलोमागे तीन किलो गळाले, तर तो जवळपास पुसला जातो. (पेट्रोलच्या शुद्धीकरणाचा धूर यात धरलेला नाही, तो धरला तर गॅसची बाजू थोडी सावरते.) नोझल काढताना पंपावर जो फुस्स आवाज येतो, तो ऐकल्यावर मला हल्ली हेच आठवतं.

म्हणून मला प्रेसमडच्या गॅसमध्ये रस आहे. उसाचा रस गाळून उरणारा हा गाळ कुजवून बायोगॅस करतात, तो शुद्ध करून दाबला की सीएनजीसारखाच वापरता येतो. गाळ उघड्यावर कुजला तरी मिथेन सुटणारच, ते पकडून जाळलं तर हिशेबच बदलतो. सरकारने शहर गॅस कंपन्यांना २०२५-२६ मध्ये १ टक्का आणि २०२८-२९ पासून ५ टक्के असा गॅस मिसळायचं बंधन घातलं आहे. माझ्या मते हा वेग फार कमी आहे. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राने याहून पुढे जायला हवं, आणि त्यासाठी इंजिनात काहीही बदलावं लागत नाही, ही या गाडीची सर्वांत मोठी जमेची बाजू.

रोजच्या वापराचं थोडं. भरताना गाडीवरून उतरावं लागतं. पेट्रोल आणि गॅस दोन्हींची तोंडं टाकीवरच्या एकाच झाकणाखाली. रांगेतल्या एका रिक्षावाल्या काकांनी सांगितलं, "ताई, पहाटे या, प्रेशर चांगलं मिळतं." खरं आहे. भर दुपारी घाईने भरलेला गॅस तापलेला असतो, मग दोन किलो पूर्ण बसत नाहीत. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकीची मजबुती तपासणं) दर तीन वर्षांनी करावी लागते, ती तारीख आत्ताच लिहून ठेवा.

रोजच्या रस्त्यावर पंप असेल आणि रांगेत थांबायची तयारी असेल, तर जरूर घ्या. नाहीतर दोन लिटर पेट्रोलवरच फिरत राहाल आणि सोळा किलोची टाकी उगाच वाहाल.